टेबलावरचा मॅक, सहा वर्षांचं मौन आणि लातूरची लग्नसराई

ॲपलने वर्षानुवर्षं आपले डेस्कटॉप मॅक नवे केले नाहीत आणि वाट पाहणाऱ्या ग्राहकांना काही सांगितलंही नाही. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करणारा लातूरचा एक मध्यम स्टुडिओ समोर ठेवून हे प्रकरण मांडलं आहे. स्टुडिओ नमुन्यादाखल धरलेला आहे. त्यातली यंत्रं, त्यांचे भाग, तारखा आणि कंपनीचे निर्णय मात्र खरे आहेत. लातूरच्या जागी नांदेड, परभणी, बीड किंवा धाराशिव धरलं तरी हिशेब तोच राहतो.

२०१६ चा जून. सीझन उरकला आहे, इसार वजा जाऊन राहिलेली बाकी वसूल झाली आहे आणि मालकाला नवं यंत्र घ्यायचं आहे. टेबलावर तीन मॅक आहेत: २०१० चा ॲल्युमिनियमचा मॅक प्रो टॉवर, २०१२ चा चार कोरचा मॅक मिनी आणि २०१४ चा २७ इंची फाइव्ह-के आयमॅक. दोन्ही एडिटर ॲपलच्या फायनल कट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसतात. आता बाजारात घेण्यासारखं काय आहे ते पाहू. मॅक प्रो आहे तो डिसेंबर २०१३ चा, अजूनही पहिल्या दिवसाच्याच किमतीत. मिनी आहे तो ऑक्टोबर २०१४ चा. त्यात दोनच कोर आणि रॅम बोर्डाला डकवलेली, म्हणजे एक्स्पोर्टच्या कामात स्टुडिओतल्या २०१२ च्या मिनीपेक्षा मागे. आयमॅक तेवढा आदल्या ऑक्टोबरात ताजा झालेला. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि कंपनीकडे त्याला विकायला नवं काही नाही.

इथे मॅक टिकला कशामुळे

मराठवाड्यात मिक्सिंग म्हटलं की असेंबल पीसी आणि एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर ही जोडी जुनी. त्यातून जे मॅककडे गेले त्यांची कारणं रोकडी होती. फायनल कटचे पैसे एकदाच मोजायचे, तर अडोबीने २०१३ पासून महिन्याचं भाडं सुरू केलेलं. फुटेज प्रोरेस या ॲपलच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करून घेतलं की जुनं यंत्रही टाइमलाइनवर अडखळत नाही. तिसरं कारण बाहेरच्या माणसाला सुचणार नाही: पेन ड्राइव्ह. पत्रिकेची फाइल, पाहुण्यांनी काढलेले फोटो, नवरदेवाच्या मित्रांनी निवडलेली गाणी हे सगळं गावभर फिरलेल्या पेन ड्राइव्हवरून येतं. त्यावरचा विंडोजचा व्हायरस मॅकवर चालत नाही.

अशी माणसं कंपनीच्या प्रेमात असतात असा समज आहे. त्यांना खरं धरून ठेवतात ती कपाटातली डिस्क. पाच-सहा सीझनच्या लायब्ररी, मोशन या फायनल कटच्या जोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली मराठी टायटलं, विकत घेतलेली प्लगइन आणि एडिटरच्या बोटांत बसलेले शॉर्टकट. यातलं काहीही दुसऱ्या प्रणालीत जसंच्या तसं जात नाही. वर्षानुवर्षं नवं काही न देताही ही मंडळी कुठे गेली नाहीत, त्यामागे मुख्यतः हाच खर्च होता.

टॉवरपासून नळकांड्यापर्यंत

मॅक प्रो टॉवर ऑगस्ट २००६ मध्ये आला. २००९ आणि २०१० मध्ये त्याची चांगली नूतनीकरणं झाली. जून २०१२ मध्ये मात्र केवळ प्रोसेसर इकडचे तिकडे करून त्याला नवं म्हटलं गेलं. थंडरबोल्टसारखी वेगवान जोडणी नाही, यूएसबी ३ सुद्धा नाही. त्याच वर्षी फेसबुकवर नवा मॅक प्रो मागणारी मोहीम उभी राहिली, आणि कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देऊन पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धाचा वायदा केला. मार्च २०१३ मध्ये युरोपात टॉवरची विक्रीच थांबली. पंख्यांवरच्या जाळीबाबत तिथला सुरक्षा नियम बदलला होता आणि इतक्या जुन्या रचनेत तेवढी दुरुस्ती करायची तयारी कंपनीने दाखवली नाही.

वायदा पाळला गेला. जून २०१३ मध्ये काळा, नळकांड्यासारखा गोल, जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीचा नवा मॅक प्रो दाखवला गेला आणि १९ डिसेंबरला विक्रीला आला. अमेरिकेतली किंमत २,९९९ डॉलरपासून पुढे. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढच्या सहा वर्षांचं दुखणं या डब्याच्या रचनेतच होतं.

आत त्रिकोणी उभा हीटसिंक. एका बाजूला इंटेलचा झिऑन प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना एएमडी फायरप्रोची दोन ग्राफिक्स कार्डं, वर एकच पंखा आणि सगळ्याला मिळून ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. तीन चुलींना मिळून एक धुराडं. तिन्ही बाजू साधारण सारख्या तापतात तोवर ही रचना उत्तम आणि आवाजही जवळजवळ नाही. कंपनीचा अंदाज असा की इथून पुढे सॉफ्टवेअर दोन मध्यम कार्डांवर काम वाटून घेईल. फायनल कटने ते केलं, बाकीच्यांपैकी फारच थोड्यांनी. बाजार गेला तो एकाच मोठ्या, दोनशे-अडीचशे वॅट खाणाऱ्या कार्डाकडे आणि एनव्हिडियाच्या कुडाकडे, म्हणजे फक्त तिच्याच कार्डांवर काम करवून घेणाऱ्या पद्धतीकडे. तसं कार्ड या त्रिकोणाच्या एका बाजूला लावलं तर ती बाजू भाजते, दुसरी रिकामी बसते आणि ४५० वॅटमध्ये ते बसवायलाही जागा उरत नाही. कार्डांचा आकारही खास असल्यामुळे बाजारातून आणून बदलायची सोय नाही.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी. इंटेलने त्याच घराण्यातले पुढचे झिऑन सप्टेंबर २०१४ मध्ये आणि त्यापुढचे मार्च २०१६ मध्ये आणले. इतर वर्कस्टेशनवाल्यांनी ते घेतले. नळकांड्यात ते कधीच आले नाहीत. ग्राहकांचा संयम सुटला तो इथे. नवी रचना जमत नसेल तर निदान जुनी विका, किंमत उतरवा, नाहीतर या डब्याचं पुढे काही होणार नाही असं सांगून टाका. एप्रिल २०१७ पर्यंत तीनपैकी काहीच झालं नाही.

लातुरात हा डबा कसा वागतो

कंपनीच्या तपशीलपत्रात चालू यंत्रासाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश दिलेलं आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे हा लग्नांचा ऐन हंगाम, तेव्हा बाहेर चाळीसच्या वर. एसी आहे, पण एसी मेनवर चालतो आणि यंत्र यूपीएसवर. दुपारी लाइट गेली की एक्स्पोर्ट सुरू राहतो आणि खोली तापत जाते. बंद खोली ३५ च्या वर जायला वेळ लागत नाही, आणि नेमका तेव्हाच प्रोसेसरसह दोन्ही कार्डांवर पूर्ण भार असतो. उपाय साधा आहे: जड एक्स्पोर्ट पहाटे लावायचे आणि यूपीएसवर मशीनसोबत एक टेबलफॅनही ठेवायचा.

धूळ हा दुसरा भाग. हवा खालून आत आणि वरून बाहेर, त्यामुळे डबा जमिनीवर किंवा गालिच्यावर ठेवला तर खालची फट कचरा ओढते. टेबलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचा. महिन्यातून एकदा बाहेरचं कवच काढून ब्लोअर मारायचा. मागच्या बाजूची खिटी सरकवली की कवच वर उचलून निघतं, स्क्रू नाही. ब्लोअर मारताना वरचा पंखा बोटाने धरून ठेवायचा, मोकळा फिरू द्यायचा नाही.

तिसरी अडचण आत जागा नसण्याची. टॉवरमध्ये चार हार्ड डिस्क बसत, इथे एकच एसएसडी. लग्नाचा माल मोठा असतो. फोर-के फुटेज १०० मेगाबिटने घेतलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की ३६० जीबी. तेच प्रोरेस ४२२ मध्ये रूपांतरित केलं तर तासाला सुमारे २२० जीबी. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर. प्रत्येक डिस्कचा वेगळा ॲडाप्टर, आणि लाइट गेल्यावर एखादा जरी यूपीएसबाहेर राहिला तर लायब्ररी उघडी असतानाच डिस्क निखळते. फायनल कटची लायब्ररी बिघडण्याचं आपल्याकडे हे नेहमीचं कारण. तेव्हा ज्या बोर्डवर मॅक त्याच बोर्डवर सगळे ॲडाप्टर, आणि तो बोर्ड साइन वेव्हच्या यूपीएसवर. घरगुती चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर असे पॉवर सप्लाय गुणगुणतात, कधी सरळ बंद पडतात. बाजारातला १ केव्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ६०० वॅट. नळकांडं, मॉनिटर आणि तीन डिस्क यांना तेवढा कसाबसा पुरतो, एसएलआर कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या त्याच बोर्डवर लावल्या तर नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने डी५०० आणि डी७०० कार्डांसाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली. ८ फेब्रुवारी ते ११ एप्रिल २०१५ दरम्यान बनलेल्या काही यंत्रांत चित्र फाटणं, पडदा काळा होणं, यंत्र गोठणं किंवा आपोआप पुन्हा सुरू होणं असे दोष होते. योजना चांगलीच, पण दुरुस्ती अधिकृत केंद्रात. लातूरहून छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे म्हणजे ट्रॅव्हल्सच्या डिकीत यंत्र, आणि हंगामात आठवडाभर एक टेबल बंद. असेंबल पीसीचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, उडाला तर गावातच संध्याकाळपर्यंत दुसरा बसतो. मॅकची इथली खरी स्पर्धा या गोष्टीशी आहे. वेगाचे आकडे त्यानंतर येतात.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर

एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने मोजक्या पत्रकारांना बोलावलं. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर आणि क्रेग फेडेरिघी यांनी मान्य केलं की नळकांड्याची रचना उष्णतेच्या बाबतीत स्वतःला कोपऱ्यात अडकवून बसली, आणि भाग जोडता-बदलता येणारा नवा मॅक प्रो बनतो आहे, पण त्या वर्षात येणार नाही. अशी कबुली ही कंपनी सहसा देत नाही. त्याच बैठकीत आकडेही आले: विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी साधारण ८० टक्के लॅपटॉप, २० टक्के डेस्कटॉप, आणि एकूण मॅकमध्ये मॅक प्रोचा वाटा एक आकडी टक्के.

हे आकडे पाहिले की दुर्लक्षाचा हिशेब कळतो. ज्या मालावर एक आकडी टक्के विक्री, त्यावर चांगले इंजिनिअर बसवायचे कशाला? पण इथेच कंपनीचं मोजमाप चुकलं असं आमचं मत. स्टुडिओतलं एक डेस्कटॉप पाठीमागे दोन लॅपटॉप, तीन फोन आणि मालकाच्या मुलाचा टॅब घेऊन उभं असतं. मोठं यंत्र बदललं की हळूहळू बाकीचंही बदलतं, आणि ते मॅक प्रोच्या विक्रीच्या रकान्यात दिसत नाही.

शिवाय कबुली आणि यंत्र यांच्यामध्ये अडीच वर्षं गेली. डिसेंबर २०१७ मध्ये आयमॅक प्रो आला, ४,९९९ डॉलरला, तोही बंद डबा. मिनीबद्दल टिम कुक यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये एका ग्राहकाला तो पुढेही महत्त्वाचा राहील असं कळवलं, आणि नवा मिनी जाहीर झाला ३० ऑक्टोबर २०१८ ला, चार वर्षांनी. मॅक प्रो डिसेंबर २०१९ मध्ये: कार्डं बसवायचे आठ पीसीआय स्लॉट, दीड टीबीपर्यंत रॅम, मागितलं होतं ते सगळं. फक्त सुरुवात ५,९९९ डॉलर. ज्यांनी सहा वर्षं वाट पाहिली त्यांतले बहुतेक या किमतीत बसतच नव्हते. कंपनीने हॉलिवूडच्या स्टुडिओचं ऐकलं; दोन एडिटरच्या दुकानाचं नाही.

त्यावर कडी म्हणजे जून २०२०. जेमतेम सहा महिन्यांत इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जाण्याची घोषणा झाली. तो इंटेलवाला मॅक प्रो जून २०२३ पर्यंत विकला गेला, आणि जून २०२५ मध्ये सांगण्यात आलं की टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची प्रणाली. त्याच्या जागी आलेल्या एम२ अल्ट्राच्या मॅक प्रोत स्लॉट आहेत, पण ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि रॅम नंतर वाढत नाही. मार्च २०२५ मध्ये छोट्या मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा मिळाली तेव्हा मोठा मॅक प्रो एम२ वरच होता.

स्टुडिओपुढचे चार रस्ते

पुन्हा २०१६ ते २०१८ च्या टेबलावर येऊ.

पहिला रस्ता नळकांडं घेण्याचा. तो टाळलेलाच बरा, आणि कारण उष्णतेहूनही वेगळं. या झिऑनमध्ये क्विक सिंक नाही, म्हणजे एच.२६४ या फॉरमॅटची व्हिडिओ फाइल वेगाने बनवणारं हार्डवेअर नाही. लग्नाची शेवटची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा यूट्यूबवर जाते, ती एच.२६४ मध्येच. त्या एका कामात अर्ध्या किमतीचा आयमॅक पुढे निघतो. पुढचा भाग नंतर कळला: शेवटच्या वर्षात, २०१९ मध्ये, ज्याने हा डबा घेतला त्याला मॉन्टेरीनंतरची मॅकची प्रणाली मिळाली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हेंचुरा आली तेव्हा यंत्राला तीन वर्षंच झाली होती.

दुसरा रस्ता जुना टॉवरच चढवण्याचा, आणि तो पुष्कळांनी घेतला. काम घरच्या घरी होतं, पण क्रम चुकला तर अडतं.

एक प्रोसेसरच्या २०१० च्या टॉवरला सहा कोरचा ३.४६ गिगाहर्ट्झचा एक्स५६९० बसतो. बाजूचं दार काढायचं, खालचा प्रोसेसर ट्रे बाहेर ओढायचा, ३ मिमीच्या लांब दांड्याच्या ॲलन कीने हीटसिंकचे स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे सैल करायचे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिलने पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी. हीटसिंक बसवताना तो सरळ खाली जायला हवा, कारण त्याच्या पंख्याचा आणि सेन्सरचा कनेक्टर बोर्डवर आपोआप लागतो. तिरका गेला तर यंत्र सुरू होतं पण पंखे पूर्ण वेगाने ओरडत राहतात. २००९ चा दोन प्रोसेसरचा टॉवर असेल तर थांबा: त्याच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, झाकणाचा प्रोसेसर उंच होतो आणि स्क्रू नेहमीसारखे आवळले की सॉकेटच्या पिना वाकतात.

रॅम डीडीआर३ ईसीसी १३३३. मेमरीचे मार्ग तीन, स्लॉट चार, म्हणून तीन सारख्या काड्या चारपेक्षा बऱ्या. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन प्रकारच्या काड्या मिसळल्या तर यंत्र उठत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या १६ जीबीच्या काड्या स्वस्त मिळतात, त्या रजिस्टर्ड असतात. घ्यायच्या तर तिन्ही तशाच.

ग्राफिक्सला रॅडिऑन आरएक्स ५८०. मॅकच्या मोहावी प्रणालीला मेटल ही ॲपलची ग्राफिक्सची पद्धत चालणारं कार्ड लागतं आणि सफायरचं पल्स ५८० ॲपलच्या स्वतःच्या यादीत होतं. बोर्डवर छोटे सहा पिनी दोन कनेक्टर, प्रत्येकी ७५ वॅट. दोन्ही जोडून एक आठ पिनी करणारी केबल लागते. एकाच कनेक्टरवरून आठ पिनी काढली तर भार येताच यंत्र बंद पडतं. या कार्डावर सुरुवातीचा बूट निवडण्याचा पडदा दिसत नाही, म्हणून जुनं ५७७० कार्ड भंगारात देऊ नका. प्रणाली बिघडली की तेच लावून बाहेर यावं लागतं. मोहावी टाकण्याआधी फाइलव्हॉल्ट, म्हणजे डिस्कचं कुलूप, बंद करायचं.

आतल्या डिस्कचे खण जुन्या साटा २ जोडणीचे, सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडतात. पीसीआय कार्डावर एनव्हीएमई ही वेगवान एसएसडी लावली तर १,५०० पर्यंत जाते. तिच्यावरून बूट करायचं तर मोहावीसोबत येणारं फर्मवेअर आधी चढलेलं हवं, १४०.०.०.०.० किंवा पुढचं. यूएसबी ३ साठी आणखी एक कार्ड. एवढं केल्यावर आठ वर्षांचा टॉवर फोर-केचं लग्न ओढतो. मर्यादा ठरलेली: मोहावीनंतरची कॅटालिना प्रणाली त्यावर अधिकृतपणे येत नाही, म्हणजे फायनल कटही १०.४ च्या मालिकेवर थांबतं.

तिसरा रस्ता २७ इंची आयमॅक. २०१७ पासूनच्या मॉडेलमध्ये एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर आहे, रॅम मागची झडप उघडून वाढवता येते, पडदा उत्तम. वाईट दोन गोष्टी. पडदा चिकटपट्टीने बंद केलेला असल्यामुळे आतली डिस्क बदलणं म्हणजे काच कापून उघडणं. आणि फाइव्ह-के आयमॅक मॉनिटर म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे बोर्ड गेला की चांगला पडदाही वाया. मार्च २०२२ मध्ये २७ इंची आयमॅक कंपनीने बंदच केला. तरीही २०१७-१८ मध्ये लातूरच्या स्टुडिओला आम्ही हाच सुचवला असता, टॉवर चढवून जोडीला ठेवून.

चौथा रस्ता असेंबल पीसी. त्या काळाचा नेमका साचा: आठव्या पिढीचा आय७, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १०७०, ६५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस. तेव्हा क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव चढवून ठेवले होते, हा त्यातला काटा. दुसरा काटा आपणच पेरतो: क्रॅक केलेली प्लगइन. पीसी अस्थिर असतो अशी तक्रार करणाऱ्यांच्या यंत्रात बहुतेक वेळा तीच सापडतात.

घर बदलताना काय मोडतं

पीसीकडे जायचं ठरलं तर जुनी कामं तीन ढिगांत वाटायची.

पैसे मिळालेली, डिलिव्हरी झालेली लग्नं: त्यांची लायब्ररी न्यायचीच नाही. मॅकवर असतानाच एक मास्टर फाइल काढायची. एचडी प्रोरेस ४२२ ला तासाला ५५ जीबी लागतात. तीन तासांच्या लग्नाला १६५. परवडत नसेल तर ४० मेगाबिटची एच.२६४, तासाला १८ जीबी. पाच वर्षांनी येणारी मागणी बहुधा पहिल्या वाढदिवसात लावायला दोन मिनिटांची असते, तिला एवढं पुरतं.

अर्धवट कामं: ती मॅकवरच संपवायची. अर्ध्यात हलवू नयेत.

चालू राहणाऱ्या टेम्पलेट आणि हायलाइट: फायनल कटमध्ये आधी मीडिया लायब्ररीत एकत्र करायचा, मग प्रत्येक प्रोजेक्टचा एक्सएमएल, म्हणजे कटांची नोंद असलेली फाइल, काढायचा आणि दाविंची रिझॉल्व्ह या पीसीवरही चालणाऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन म्हणून आयात करायचा. कट, आकार-जागा, साधे डिझॉल्व्ह येतात. मोशनची टायटलं, प्लगइनचे इफेक्ट आणि रंगदुरुस्ती येत नाहीत. म्हणजे ‘चि. सौ. कां.’ पासून सगळी मराठी टायटलं पुन्हा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर तो फॉन्ट नव्या यंत्रावर आधी टाकायचा, नाहीतर नावांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

डिस्कची गंमत वेगळीच. मॅकच्या फॉरमॅटची डिस्क विंडोज वाचत नाही. एक्सफॅट हा फॉरमॅट दोघांना चालतो, पण त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली तर सगळी डिस्क रिकामी दिसू शकते. फायनल कटची लायब्ररी एक्सफॅटवर ठेवू नये, फक्त कॅमेऱ्याचं मूळ फुटेज ठेवावं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून पाहायचे, आणि मूळ डिस्क पुढचा सीझन संपेपर्यंत पुसायची नाही.

नव्या कॅमेऱ्यांनी एक वेगळीच अडचण आणली आहे. १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज ॲपलच्या चिपवर सहज चालतं. पीसीत एएमडीचे रायझन प्रोसेसर आणि एनव्हिडियाच्या ५० च्या आधीच्या मालिका ते हार्डवेअरने उलगडत नाहीत. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स उलगडतं. म्हणून पीसी बांधताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर घ्यायचा नाही, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं. दुकानदार पाचशे-हजार वाचवायला तोच पुढे करतो.

वहीतला हिशेब

आयकरात संगणकावर घसारा ४० टक्के, उरलेल्या किमतीवर. जीएसटी वगळून २ लाखांचं यंत्र घेतलं तर वहीत पहिल्या वर्षाअखेर १,२०,०००, मग ७२,०००, ४३,२००, २५,९२०. पाच वर्षांत १५,५५२. म्हणजे चार वर्षांत यंत्र वहीतून जवळजवळ निघून जातं आणि पाचव्या सीझनआधी नवं घेणं हा कुठल्याही सरळ धंद्याचा क्रम. कंपनीने चार वर्षं मिनी आणि सहा वर्षं मॅक प्रो गोठवला तेव्हा हा क्रम मोडला. एका सीझनचा नफा यंत्रात घालायचा की गाडीत, हे ठरवायला मालकाला एवढंच कळायला हवं होतं की पुढचं यंत्र यंदा येणार आहे की नाही. तेवढं सांगितलं गेलं असतं तर निम्मा राग झालाच नसता. जाता जाता: खरेदी ऑक्टोबरच्या सुरुवातीनंतर केली आणि वापर मार्चअखेर १८० दिवसांपेक्षा कमी भरला तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, तेव्हा तुळशीच्या लग्नापर्यंत थांबण्यापेक्षा जून-जुलैतली खरेदी बरी. नोंदणी असेल तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट घ्यायला बिल फर्मच्या नावानेच हवं.

आज हाच स्टुडिओ काय घेईल

ऑक्टोबर २०२४ चा एम४ मिनी १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना आला, आणि नुसत्या मिक्सिंगला तो पुरतो. पॉवर सप्लाय १५५ वॅटचा, त्यामुळे छोटा यूपीएसही बराच वेळ ओढतो. मल्टिकॅम फोर-के रोजचं असेल तर २४ जीबीचा एम४ प्रो, तो १,४९,९०० ला आला होता. रॅम नंतर वाढत नाही, तेव्हा निर्णय पहिल्याच दिवशी. साठवण मात्र कंपनीकडून वाढवू नये. २५६ जीबीत प्रणाली आणि प्लगइन ठेवून काम बाहेरच्या एनव्हीएमईवर. जुना यूएसबी पोर्ट एकही नाही, कार्ड रीडर आणि पेन ड्राइव्हसाठी हब आधीच घ्यायचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला कंपनीचं स्वतःचं दुकान उघडलं, पण लातूरहून ते अंतर तेवढंच आहे. म्हणून दोन टेबलांना एक महागडं यंत्र घेण्याऐवजी सारखे दोन मिनी घ्यावेत; एक दुरुस्तीला गेला तरी डिस्क उचलून दुसऱ्याला लावता येते.

टॉवर आणि आयमॅक विकण्याआधी एक काम राहतं. नव्या फायनल कटमध्ये जुनी लायब्ररी उघडली की ती नव्या रूपात बदलते आणि जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, म्हणून आधी प्रत काढून तीच उघडायची. जुन्या प्लगइनपैकी कोणती इंटेलचीच आहेत ते ‘गेट इन्फो’त पाहायचं, ती नव्या चिपवर चालवणारा रोझेटा पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहणार असं कंपनीने सांगितलं आहे. ज्या गिऱ्हाइकांचे अल्बम-व्हिडिओ त्या प्लगइनवर उभे आहेत त्यांची मास्टर फाइल आत्ताच काढायची. यातलं काही राहिलं असेल तर आयमॅक विकू नका: आहे त्याच प्रणालीवर ठेवा, वायफाय बंद करा, ऑटो अपडेट बंद करा, आणि टॉवरमधली बीआर२०३२ बॅटरी बदलून तोही चालू स्थितीत ठेवा.